पिठाचं पोतं मागे वळून बघतं

"दिवे लावा! आधी दिवे लावा!"

विगा अंधारात एवढ्या जोरात उठली की पुढच्या रांगेतल्या माल्थेच्या हातातली कॉफी लवंडली.

"लवंडली! सोमवारी केक माल्थेचा!" मागून दोघंतिघं ओरडले. या वर्गात जो चुकेल त्यानं सोमवारी सगळ्यांसाठी केक आणायचा, अशी रीत होती. अख्खी फाइल पुसून टाका नाहीतर झोपून राहा, शिक्षा एकच.

"माझा कसा? धक्का तिनं मारला," माल्थे म्हणाला. "केक विगाचा."

"मी केकबिक आणणार नाही. ते माझं पोतं आहे!"

पडद्यावरचं पोतं या गोंधळाकडे अजिबात लक्ष न देता चाललं होतं. अर्धं भरलेलं पिठाचं पोतं, ना डोळे ना तोंड, खालचे दोन कोपरे हेच त्याचे पाय. डावा कोपरा जरा उशिरा उचलला जायचा, मग सगळं पीठ त्या बाजूला घसरायचं, पोतं क्षणभर अडखळायचं आणि काही झालंच नाही अशा रुबाबात पुढे निघायचं.

गॉर्मनं दिवे लावले. गॉर्म त्यांचा चित्रकलेचा मास्तर, पण जुटलंडमधल्या जुन्या दूधडेअरीत भरणाऱ्या त्या अ‍ॅनिमेशनच्या शाळेत मास्तरलाही सगळे नावानंच हाक मारायचे.

"विगा, तुझं पोतं अजून यायचंय."

"तेच सांगतेय मी! माझं यायच्या आधीच माझं आलं!"

"पोतं पोत्यासारखं नाही दिसणार तर काय बदकासारखं दिसेल?" माल्थे पँट पुसत म्हणाला. वर्ग हसला. विगाला मात्र हसू आलं नाही, कारण या पोत्यावर तिनं सबंध शरद ऋतू घालवला होता. ओळखीच्या माणसाची चाल पोत्याला द्यायची, असं काम होतं. चेहऱ्याशिवाय माणूस दिसला पाहिजे. नावं झाकून सगळ्यांची पोती दाखवायची आणि त्यातलं जे निवडलं जाईल ते वसंतात वर्गाच्या फिल्मचा नायक होणार.

"हे ज्याचं असेल त्यानं हात वर करा," गॉर्म म्हणाला.

शेवटच्या रांगेत एक हात वर गेला. हानुसचा. फेरो बेटांवरून आलेला हा उंच मुलगा दुपारी खिडकीत बसून एकटाच राय धान्याचा काळा पाव खायचा आणि आठवड्यात मोजकीच वाक्यं बोलायचा. विगाच्या मते एवढं गप्प राहणारं माणूस काहीतरी लपवतच असतं.

खरं तर विगाच्या मते सगळेच काहीतरी लपवत होते. पहिल्या वर्षी कॉम्प्युटर गेम्सच्या तासाला तिनं कासवाच्या पाठीवर वसलेलं गाव काढलं, आणि पुढच्याच आठवड्यात आणखी दोघांच्या चित्रांत कासवं निघाली. "कासवं सगळ्यांनाच सुचतात," गॉर्म म्हणाला होता. असतील सुचत! तेव्हापासून विगा आपली चित्रं टेबलावर उलटी ठेवायची. बाकीचे कच्ची कामं भिंतीवर टाचायचे, येताजाता एकमेकांना नावं ठेवायचे, "याचा गुडघा बघ, बिजागरी निघालीय" वगैरे. विगाची जागा कोरी. तिच्या खणाला तर सायकलचं कुलूप होतं. दीड वर्षात तिनं एकदाही केक आणला नव्हता, आणि जो कुणालाच काही दाखवत नाही त्याची चूक दिसत नाही, ही युक्ती तिला फार आवडायची.

गॉर्मनं दोघांचे कागद खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवले. सगळे भोवती गोळा झाले. रेघा कुठेच जुळत नव्हत्या. हानुसचं पोतं जाडजूड, विगाचं लांबट. पण डावा कोपरा त्याच ठेक्यावर उशिरा उठत होता आणि पीठ त्याच क्षणी घसरत होतं.

"रेघ बदलली म्हणजे झालं का? एवढी अक्कल चोराला असतेच," विगा म्हणाली.

"एक गोष्ट मात्र तुझ्यात नाही," गॉर्म म्हणाला. हानुसचं पोतं मध्येच थांबत होतं, वरचा कोपरा वळवून मागे बघत होतं, थोडा वेळ तसंच उभं राहत होतं आणि मग चालू लागत होतं.

"ती वरची कोथिंबीर. माल माझाच आहे."

"तुझी चाल कुणाची?"

"माझ्या आजोबांची. आईचे वडील. जन्मभर फेरीबोटीवर दोर बांधायचं काम केलं त्यांनी. एकदा पाय दोरात अडकला, तेव्हापासून असे चालतात."

हे ऐकलं आणि हानुसचा चेहरा उतरला. विगानं तो उतरताना नीट पाहिला आणि मनात म्हणाली, सापडला!

"आणि तुझी, हानुस?"

"सांगता येणार नाही."

"म्हणजे आठवत नाही?"

"आठवतं. शब्द दिलाय."

माल्थेनं शीळ घातली. गॉर्मनं चष्मा काढून डोळे चोळले. "पोरा, नकलेचा नियम तुला माहितेय. सोमवारी मुख्याध्यापिकेसमोर सांगावं लागेल. नाही सांगितलंस तर तुझं हे वर्ष गेलं."

"माहितेय," हानुस म्हणाला आणि आपले कागद गोळा करू लागला. विगाचेही पडलेले दोन त्यानं उचलून दिले. सुलटे नाही, उलटे करून. हे तिला सगळ्यात जास्त संशयास्पद वाटलं.

शनिवारी तिनं त्याचा पाठलाग केला. तिला पुरावा हवा होता. तिनं कुलूप घालायच्या आधीच त्यानं कागदांचे फोटो काढले असतील, आणि आता ते कुठेतरी, कुणाकडे तरी असतील. टोपी कानांवर ओढून ती त्याच्या सायकलमागे आपली सायकल लांबून हाकत निघाली. हानुस आधी बेकरीत शिरला आणि दालचिनीच्या गोड पावाच्या दोन गोल वळकट्या घेऊन बाहेर आला. दोन! म्हणजे साथीदार आहे. मग तो फ्योर्डच्या, गावाजवळच्या लांब खाडीच्या, रस्त्याला लागला. मग डावीकडे. मग पुन्हा डावीकडे, आणि विगानं करकचून ब्रेक दाबला, कारण ही गल्ली तिला पाठ होती, लहानपणी याच गल्लीत ती आजोबांच्या सायकलवर मागे बसून झोपायची. आता हा थेट आजोबांनाच चोरतो की काय!

सायकल आडवी टाकून ती बीच झाडांच्या दाट कुंपणाआड बसली. हानुसनं आजोबांच्या दाराची घंटा वाजवली नाही. दार आधीच उघडं होतं आणि आजोबा बूट घालून तयार होते.

"उशीर केलास!"

"रांग होती, एगोन."

"वळकटी आणलीस का? हां. मग माफ."

दोघं चालू लागले. आजोबा पुढे, हानुस अर्धं पाऊल मागे. कुंपणाच्या पलीकडून ते इतक्या जवळून गेले की विगाला आजोबांच्या तंबाखूचा वास आला.

"एगोन, तुमची उंदरी," हानुस म्हणाला, "ती म्हणजे विगा ना?"

"नाव कुठून कळलं तुला? मी तर उंदरीच म्हणतो. भेटली काय?"

"भेटली."

"कशी आहे?"

"चित्र छान काढते. आवाज मोठा आहे."

आजोबा एवढे खूश झाले की हसता हसता खोकले. "बोटीवर असती तर भोंगा लागला नसता!"

"तिला सांगू का, मी तुमच्याकडे येतो म्हणून?"

"खुळा आहेस का? शब्द दिलायस तू." आजोबांचा आवाज खाली आला. "मी सोबती मागवलाय हे कळलं, तर तिला वाटेल म्हातारा एकटा पडला, तक्रार करतोय. तसं काही नाही. पोर कामात आहे. मोठं काम करते ती, खेळातली माणसं चालवते. नाही सांगायचं."

हानुसनं वळकट्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "नाही सांगत."

विगाला माहीत होतं, गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांनी नाव नोंदवलं की आठवड्यातून एकदा कुणीतरी सोबतीला येतं. ते दुसऱ्यांचे म्हातारे, असं ती समजत होती. तिची खोली इथून सायकलनं चार गल्ल्यांवर होती आणि ती शेवटची आली होती उन्हाळ्यात, चालीचा व्हिडिओ काढायला. तोच व्हिडिओ पुढेमागे करत तिनं सगळा शरद काढला होता. शेकडो वेळा आजोबांना बघितलं होतं, फक्त पडद्यावर.

कोपऱ्यावर आजोबा थांबले. मान वळवून मागे बघितलं. मागे फक्त ओली फरसबंदी होती. हानुस तर बाजूलाच होता. तरी ते थोडा वेळ बघत राहिले आणि मग चालू लागले.

विगाला ते वळून बघणं ओळखू आलं. लहानपणी ती शिंपले वेचत कायम मागे राहायची आणि आजोबा प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मागे बघायचे. उन्हाळ्यात व्हिडिओ काढताना मात्र ती त्यांच्या पुढे होती, उलट्या पावलांनी चालत, फोन धरून. पुढे असलेल्या माणसासाठी कोण मागे बघणार? तिनं त्या चालीचं एक सुबक चक्र करून टाकलं होतं, गेममधल्या नायकासारखं, शेवटचं चित्र पहिल्याला अलगद चिकटणारं. त्या चक्रात कुणाला थांबायला जागाच नव्हती.

सोमवारी सकाळी मुख्याध्यापिका, गॉर्म आणि हानुस टेबलाभोवती बसलेले असताना विगा आत आली आणि तिनं मधोमध केक ठेवला. एका बाजूनं करपलेला, वरचं चॉकलेट ओघळलेलं. दाराबाहेर घुटमळणाऱ्या माल्थेनं तो बघितला आणि दार आणखी थोडं ढकललं.

"चाल माझ्या आजोबांचीच आहे," विगा म्हणाली. हा आवाज कुणाच्या ओळखीचा नव्हता, फार लहान होता. "पण हानुसनं ती माझ्याकडून घेतली नाही. तो दर शनिवारी त्यांच्याबरोबर चालतो. त्यानं चालता चालता बघितली. मी फोनमध्ये बघितली. त्याचीच जास्त खरी आहे."

"हानुस?" मुख्याध्यापिकेनं विचारलं.

"मी काही सांगितलेलं नाही," हानुस घाईघाईनं म्हणाला. "हे लिहून ठेवा. मी सांगितलं नाही."

"तो काही बोलला नाही," विगा म्हणाली. "मी कुंपणात लपले होते."

गॉर्मनं सुरी शोधली.

बाहेर पॅसेजमध्ये ती हानुसला म्हणाली, "शुक्रवारी तू गप्प का बसलास? ओरडायचंस ना माझ्यावर."

"तू ओरडत होतीस. दोघांनी कशाला?" त्यानं करपलेला तुकडा खाल्ला, चावत राहिला, महत्प्रयासानं गिळला. "तुझी चित्रं भिंतीवर असती, तर मला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं हे एगोन आहेत म्हणून. मग मी दुसरं कुणीतरी काढलं असतं."

"मग बरं झालं नव्हती ते."

"हा केक फार वाईट आहे, विगा."

"माहितेय. पहिलाच आहे."

दुपारी शेवटचा तुकडा कागदात गुंडाळून ती आजोबांकडे गेली. धुतलेल्या भांड्यांत दोन कप उपडे होते. आजोबांनी तिची नजर तिकडे गेलेली पाहिली, सहज पुढे होऊन त्यातला एक कपाटात ठेवला आणि दार लावलं.

"आज शाळा नाही?"

"सुटली. म्हटलं, फिरायला येता का?"

"काम असेल तुला."

"नाही."

तिनं फोन त्यांच्या टेबलावरच ठेवला. कपाविषयी काही विचारलं नाही.

चार वाजताच उजेड कलला होता. फ्योर्डवरून गार वारा येत होता. विगा मुद्दाम मागे राहिली, उगाच खाली वाकली, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. पुढे आजोबा चालले होते. डावा पाय जरा उशिरा उठत होता, सगळं अंग त्या बाजूला कलत होतं आणि मग पुन्हा तोच रुबाब.

कोपऱ्यावर ते थांबले. मागे वळले.

ती धावत निघणार होती. तेवढ्यात तिला त्यांचा हात दिसला. कुंपणाचा खांब त्यांनी घट्ट धरला होता. तोंडातून पांढरी वाफ भराभर बाहेर पडत होती, आणि डोळे मात्र नेहमीसारखे तिच्याकडे लागलेले होते, जणू ते फक्त तिच्यासाठीच खोळंबले होते.

"किती हळू चालतेस गं उंदरी!" ते लांबूनच ओरडले.

"हो ना, आजोबा," ती म्हणाली. "थांबा जरा. येतेय."

आणि तिनं पावलं आणखी हळू केली.