चंचलचा फ्रॉक
वेगवेगळ्या समाजांत एक मूल वाढवायला काय खर्च येतो, हे विचारून या, असं शाळेत बाईंनी सांगितलं आणि हर्षदाने डिंडोलीची अख्खी गल्ली पालथी घातली. पटेलांकडे ट्यूशनचा खर्च जास्त, ओडिया बिऱ्हाडात औषधांचा. "छोकरी छे के वकील?" म्हणत पटेलकाकीही हसल्या.

घरी शिंदखेड्याहून मावशी आली होती, चंचलला घेऊन. दोन्ही पोरी पोसणं जमेना, म्हणून धाकट्या चंचलला तान्ही असतानाच मावशीकडे ठेवलं होतं. आता बाबांना पक्कं काम मिळालं होतं, आणि आई आज तिला कायमची मागून घेणार होती. नवा फ्रॉकही शिवून तयार होता.

हर्षदाने ऐटीत विचारलं, "मावशी, आपल्या चंचलवर किती खर्च होतो गं?"

मावशी हसली. "पोरना कसाना हिसाब? मन्ही पोर शे ती."

'माझी पोर' ऐकून पोळी लाटणारा आईचा हात थांबला. तेवढ्यात चंचल म्हणाली, "माय, आपण घरी कधी जायचं?"

आई "ओ" म्हणणारच होती. पण चंचल मावशीकडे बघत होती.

आईने पिठाचे हात पुसले, फ्रॉक उचलला आणि मावशीच्या पिशवीत ठेवला.