वाघर आपली, रान दुसऱ्याचं

मेंढपाळ सोसायटीच्या खोलीत सोमवारी एवढं होतं: व्होल्टेज चढून जळालेला एक संगणक, वीस मिनिटं टिकणारी एक बॅटरी आणि रुपालीची दोनशे पानी वही. वहीत मेंढरांच्या कानांतल्या सहाशे बारा बिल्ल्यांचे नंबर आणि मालकांची नावं होती. तेवढ्या मेंढरांना आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची पहिली लस टोचून झाली होती. दुसरी मात्रा शुक्रवारी द्यायची होती, कारण शनिवारी कळप येलदरीच्या अंगाला चरायला निघणार होते. दोन डॉक्टर दोन ठिकाणी बसणार आणि वही एकच.

रुपाली बीएस्सी झालेली, सोसायटीच्या नोंदी ठेवायची. तिनं दोन दिवस खपून सगळी वही भाड्याच्या क्लाउडवर चढवली. तिथं संगणक दुसऱ्याचे, सॉफ्टवेअर तयार. आपण फक्त माहिती भरायची. बुधवारी सकाळी तिनं सोसायटीच्या ओट्यावर जमलेल्या मेंढपाळांपुढं फोन धरला. घरटी बेरीजही सॉफ्टवेअरनं आपणहून मांडली होती.

"हे बघा, धोंडीबामामा, तुमची मेंढरं एकशे चौदा."

धोंडीबामामा उठले, घोंगडी खांद्यावर टाकून चालू लागले. मागोमाग बाकीचेही.

त्यांची बायको सुगंधाबाई तेवढी थांबली. "रुपे, घरात किती मेंढरं हाईत ते आमी सोयऱ्याला बी सांगत न्हाई. दिष्ट लागती. तू तर चारचौघांत वाचलंस."

"चुकलं, मामी. पर ते फकस्त आपल्यालाच दिसतंय."

"आन् ज्याच्या संगणकात ठुलंस, त्याला?"

रुपाली फोन घेऊन खोलीत गेली.

सोसायटीचे सचिव भागवत म्हणाले, "परत आण सगळं इथंच. आपला संगणक बरा."

"तो जळलाय, काका."

"मग शुक्रवारी डॉक्टर काय माशा मारतील? एक बी कळप यायचा न्हाई."

संध्याकाळी ती शिवारात गेली. धोंडीबामामा मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळं, ताणून बांधत होते. तिच्याकडं न बघता म्हणाले, "मोजाया आलीस का?"

"न्हाई. हे रान कुणाचं, मामा?"

"बन्सीधरचं. खतासाठी दोन रात्री बसवा म्हनला."

"आन् वाघर?"

"माजी. कुत्रं बी माजं. लोकाच्या रानात बसायचं म्हनून वाघर बी लोकाची घ्यायची व्हय? शिकून सवरून काय इचारतीस."

"बन्सीधरभाऊ मेंढरं मोजत न्हाईत?"

"त्याला लेंड्या लागत्यात. मेंढरं कशाला मोजंल?"

रुपाली खुंटीजवळ उभीच राहिली. आपला सर्व्हर, भाड्याचा सर्व्हर आणि दोन्ही मिळून हायब्रिड: कॉलेजात तिनं या व्याख्या घोकल्या होत्या. भाड्याच्या जागेला कामापुरतंच सांगायचं, हे त्यात कुठं लिहिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिनं क्लाउडवरची नावं आणि बेरजा पुसल्या. वर राहिले बिल्ल्याचे नंबर आणि लशीच्या तारखा. नंबर कुणाचा, ही यादी भागवतकाकांच्या जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेट न जोडता, कुलपात ठेवली. मग धोंडीबामामांकडं जाऊन त्यांच्याच एका मेंढीचा नंबर फोनवर टाकला. तारीख आली.

"कुणाची हाय ते दिसंना," मामा म्हणाले.

"त्याला म्हाईतच न्हाई."

"किती हाईत?"

"ते बी न्हाई."

"आन् तुला?"

"मी इसरले."

"खोटारडी." मामांनी मिशीत हसून फोन परत दिला. "उद्या पयला कळप माजा धर."

शुक्रवारी सकाळी नऊ चाळीस ते सव्वाबारा वीज नव्हती. दोन्ही ठिकाणी नोंदी फोनवरून झाल्या. सहाशे बारापैकी पाचशे शहाण्णव मेंढरांना दुसरी मात्रा मिळाली. सोळा आली नाहीत. एकाही मेंढराला दोनदा टोचलं गेलं नाही.