ओदिलबाईंचे हात

प्रदर्शनाला निघताना ग्रीटने आपल्या गुरूचे, ओदिलबाईंचे, हात मागून घेतले. बाईंनी ते मनगटापासून सोडवून दिले. शेजारणीला विरजण द्यावं इतक्या सहज. बदल्यात ग्रीटने आपले दोन्ही हात बाईंकडे ठेवले. चार दिवस म्हातारीने कॉफी प्यायची कशी?

"ओले ठेव गं," बाई म्हणाल्या. "वाळले की मनगटाला धरतात. मग सुटायचे नाहीत."

शेल्ट नदीकाठच्या त्या बेल्जियन गावात बाईंनी साठ वर्षं वाळुंजाच्या फोकांच्या, लवचीक काटक्यांच्या, टोपल्या विणल्या होत्या. बारा वर्षं टिकलेली विद्यार्थिनी एकच, ग्रीट. तिची ओळ चुकली की बाई तिच्या हातावर चापट मारायच्या आणि मग तीच ओळ स्वतः उसवून द्यायच्या. एवढंच त्यांचं शिकवणं.

फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात बेल्जियमच्या दालनात सगळ्या वस्तू अशाच होत्या, हातच्या आणि मातीत परत जाणाऱ्या. ग्रीटने लोकांसमोर बसून विणायचं होतं. पहिली टोपली तासाभरात झाली. शेजारच्या स्टॉलवरच्या ब्रामने, तो जुन्या लोकरीचे दिवे करायचा, गंमत म्हणून तिच्यात पाणी ओतून पाहिलं. थेंब गळला नाही. लोकांची ही झुंबड उडाली.

"हात माझे नाहीत," ग्रीट प्रत्येकाला सांगायची. लोक मान डोलवायचे. कलावंत माणूस विनयशील असायचाच, असं त्यांना वाटायचं.

दुपारी बोटांत कळ आली. हातांबरोबर त्यांचं दुखणंही आलं होतं, चांगलं अकरा वर्षांचं. कळ खांद्यापर्यंत चढली तसं ग्रीटचं तोंड पांढरं पडलं. अकरा वर्षं बाई हे घेऊन तिच्यासमोर बसल्या होत्या आणि चकार शब्द काढला नव्हता. हात ओले ठेवायच्या बादलीत ते बुडवून ती भर गर्दीत रडली.

हात मात्र थांबेनात. फोक काही संपत नव्हते. एक ओढला की भाऱ्यात दुसरा हजर. हातांनी तिच्याभोवती कूड, काटक्यांची भिंतच, विणायला घेतला. दुसऱ्या दिवशी तो गुडघ्यापर्यंत आला, तिसऱ्या दिवशी छातीपर्यंत. चौथ्या दिवशी आत ग्रीट, बादली आणि ती पहिली टोपली एवढंच मावत होतं, आणि बाहेर बघायला चेहऱ्याएवढी फट होती.

तेवढ्यात बाईंचा फोन आला.

"अगं, मी मुरंब्याची बरणी उघडली! माझी मी! सुईत दोरा ओवला. शेजारच्या कुत्र्याला कुरवाळलं, आणि काही म्हणजे काही दुखलं नाही गं." मग त्या म्हणाल्या, "गुणी आहेत तुझे हात. ओलेच ठेवलेत. आज येतेस ना न्यायला?"

"बाई, जेवलात का?"

"दोनदा."

ग्रीटने फोन ठेवला. आपल्याला जे काही येतं ते या बाईंनी दिलं, हे तिला ठाऊकच होतं. पण काय सोसून दिलं ते आज कळलं, आणि तिचा ऊर इतका भरून आला की फटीतून श्वास पुरेना.

"भिजव गं ते हात," ब्राम बाहेरून म्हणाला. "कडक व्हायला लागलेत."

"हो."

तिने बादलीतलं सगळं पाणी टोपलीत ओतलं आणि टोपली फटीतून त्याच्या हातात दिली.

"हे काय? तुला नको?"

"नको. दालनातल्या कुंड्यांना घाल."

ब्राम टोपली छातीशी धरून गेला. पाण्याविना हात मंदावले, आणि ग्रीट ते मांडीवर ठेवून वाळायची वाट पाहत बसली. सांधे एकेक करून आवळत चालले. कळ होती, पण आता तिची होती.

मग उजवा हात आपणहून वर उठला. चापट मारायला तो ग्रीटचा हात शोधू लागला. तो तिथे नव्हता. तेव्हा त्याने बाईंच्याच डाव्या हातावर सपकन चापट मारली, आणि दोन्ही हातांनी, वाळत्या बोटांनी, कुडाची शेवटची ओळ उसवायला घेतली.