गळ्यातली पिंपं

अंधेरीच्या एका स्टुडिओत हर्षद माहितीपटांची मराठी निवेदनं लिहीत असे. या वेळी त्याच्या वाट्याला लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलचा इतिहास आला होता. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या माणसांवर १९५८ साली तिथे हल्ले झाले. पुढच्या जानेवारीत, ऐन थंडीत, त्यांनी आपला उत्सव एका सभागृहात मांडला. रस्त्यावर तो आला १९६६ मध्ये. मुलांच्या जत्रेतले वादक, तेलाच्या पिंपांपासून घडवलेली वाद्यं गळ्यात अडकवून सहज चालू लागले आणि वस्ती त्यांच्यामागे निघाली. पण पहिलं पाऊल कुणी टाकलं असेल? ते माहितीपटात नव्हतं, आणि हर्षदला नेमकं तेच हवं होतं. एरवी अबोल असलेला तो घरी येऊन वडिलांनाही तेच विचारत राही.

रविवारी बोरिवलीच्या सोसायटीत वडिलांच्या मंडळाचा जाखडीचा, कोकणातल्या गोल धरून नाचायच्या नाचाचा, सराव होता. अंगणात गाड्या आल्यापासून नाच बंद हॉलमध्ये गेला होता. एका पायात घुंगरू बांधलेले चौघेच नाचणारे उरले होते, आणि मधोमध मृदंग घेऊन बसलेले त्याचे वडील, शिवदास.

"यंदा गणपती झाले की मंडळ बंद," ते म्हणाले. "बघायला कुणी नाही, शिकणार कोण?"

"बाबा, बाहेर का नाही नाचत?"

"गोल कुठे धरू? गाड्यांच्या टपावर?"

"गोल नका धरू. चालत जाऊ, गाड्यांमधून, गेटपर्यंत."

"अरे, मृदंगवाला बसलेला असतो! तुझ्या लंडनवाल्यांची गोष्ट वेगळी."

"शिवदास, पोरगा कधी नव्हे तो बोलतोय," नाचणारे कुंडलिककाका हसले. "ऐक की जरा!"

हर्षदचे कान तापले. त्याने आपल्या बॅगेचा पट्टा सोडवून मृदंगाला बांधला. शिवदासांनी कुरकुरत उभं राहून तो गळ्यात अडकवला, एक थाप मारली.

"हात वाकडा पडतोय."

"पडू दे ना, बाबा."

त्याने झांज उचलली, दार उघडलं आणि तो बाहेर पडला. दोन गाड्यांमधल्या अरुंद वाटेने तो एकटाच वाजवत निघाला. वर कुठेतरी खिडकी सरकली. मागून काहीच ऐकू येत नव्हतं. त्या पहिल्या माणसालाही असंच वाटलं असेल का, की आपण उगाच निघालो? वळून बघायचं धाडस त्याला होईना.

मग एक घुंगरू वाजलं. पाठोपाठ मृदंगाची वाकडी थाप, आणि त्यावर चढलेला वडिलांचा आवाज: "हळू चाल रे! पट्टा घसरतोय!"