डाव्या बुटाचं टोक

कारखान्यात तिला सगळे खडूबाई म्हणत. तिचं टेबल ओळीच्या अगदी शेवटी होतं. लहान मुलांचे बूट शिवून, चिकटवून, घासूनपुसून तिच्यासमोर येत आणि तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही जोड खोक्यात जात नसे. टाक्यांची रांग, टाचेची उंची, डाव्या-उजव्याची लांबी. दोन मिलिमीटरचा फरक तिला मोजपट्टी न लावता दिसे. दिसला की त्या जागी ती पिवळ्या खडूने फुली मारी आणि जोड लाल पेटीत टाकी. दोष एकाच बुटात असला तरी पेटीत दोन्ही जात. एकट्या बुटाचं कोण काय करणार, असा तिथला नियम होता आणि अकरा वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता.

घरी गठुडी होती. दवाखान्यातून कपड्यात गुंडाळून आणली तेव्हा नवरा म्हणाला होता, "हे कसलं गठुडं दिलंय आपल्याला?" आणि तेच नाव चिकटलं. त्या दिवसांत ती नावाला जागायचीही. ठेवलं तिथे राहायची. खडूबाई कामावर जाताना तिला चटईवर ठेवायची, तिथून पुढे सासूबाई सांभाळायच्या, आणि संध्याकाळी परत आल्यावर ती त्याच चटईवर, त्याच बाजूला तोंड करून असायची.

मग ती वाढायला लागली. सातव्या महिन्यात तिने चमचा हिसकावला तो उजव्या हाताने. खुळखुळा उजव्या हाताने, आजीचा चष्मा उजव्या हाताने. नवऱ्याला कोण कौतुक. लिफ्ट दुरुस्त करायला तो ज्या इमारतीत जाई तिथल्या रखवालदारालाही सांगून येई, "बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आमच्या पोरीचा हात दिसला. पक्की उजवी." गठुडी रांगली मात्र नाही. बसल्या बसल्या उजवा हात जमिनीला टेकून ती स्वतःला ढकलत फरशीवरून सरकत जायची, एका वल्ह्याने होडी चालवावी तशी. सगळे हसले. खडूबाईही हसली.

पंधराव्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी गठुडीने कपाट सोडलं आणि तीन पावलं टाकून ती खुर्चीपर्यंत पोचली. सासूबाईंनी हातातली भाजीची सुरी खाली ठेवली. नवरा म्हणाला, "आता धर हिला." दुसऱ्या दिवशी खडूबाईने तिच्यासाठी स्वतः बूट निवडले. दिवसभरात चारशे जोड हाताखालून गेले, त्यातला एक. पाच नंबर, निळा, मऊ तळ. इतका बिनचूक जोड तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

बारा दिवसांनी डाव्या बुटाचं टोक झिजलं होतं.

उजवा जवळपास कोरा होता. खडूबाईने बूट उलटा करून दिव्याखाली धरला. रबर आतल्या कापडापर्यंत गेलं होतं. माल हलका, असं तिने मनाशी ठरवलं आणि दुसऱ्या खेपेतला जोड आणला. त्याचं डावं टोक दहा दिवसांत गेलं. तिसरा तिने तळ वाकवून, नखाने रबर दाबून, जुन्या खेपेतून शोधून आणला. त्याला नऊ दिवस लागले.

"पोर चालतंय, बूट झिजणारच की," नवरा म्हणाला. "भिंगरी आहे नुसती."

"मग दोन्ही झिजायला हवेत."

"तू घरीसुद्धा तपासणी करतेस."

"फसवा माल लोकांच्या पोरांच्या पायात जातोय. मी गप्प बसू?"

ती गप्प बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तिन्ही जोड कारखान्यात नेऊन दिले आणि कागदावर लिहून दिलं: पाच नंबर, डावा बूट, टोकाला रबर कमी प्रतीचं, खेप थांबवावी. तिच्या शब्दाला वजन होतं. अकरा वर्षांत तिची एकही फुली खोटी निघाली नव्हती. सहाशे जोड बांधून तयार होते, ते थांबले. शेजारच्या टेबलावरची बाई, जी खोकी बांधायची, रिकाम्या हातांनी बसून म्हणाली, "खडूबाई, आज आमचे हात बांधलेस की गं."

तीन दिवस रबर तपासलं गेलं. ताणलं, घासलं, तापवलं. चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत साचेवाल्या मास्तरांनी तिला बोलावलं.

मास्तर लाकडाचे पाय करायचे. प्रत्येक नंबराचा एक डावा, एक उजवा. त्यावर चढवून बूट शिवले जात. त्यांच्या खोलीत भिंतभर असे पाय टांगलेले होते. त्यांनी गठुडीचे तिन्ही जोड बाकावर ओळीने मांडून ठेवले होते.

"रबर चांगलं आहे," ते म्हणाले.

"डाव्याचं तपासलं का?"

"डाव्याचं आणि उजव्याचं एकाच लादीतून कापतात. तुला माहीत आहे."

"मग साचा."

"साचा माझा आहे." त्यांनी भिंतीवरून पाच नंबरचा डावा पाय काढून तिच्या हातात दिला. "बघ. मार फुली कुठे मारायची ती."

तिने तो पाय फिरवून पाहिला. फुली मारायला जागा नव्हती.

मास्तरांनी तीन डावे बूट उचलून एकाशेजारी एक उलटे ठेवले. तिन्ही एकाच जागी झिजले होते. टोकाला, जरा आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी जागा. तिन्ही टाचा कोऱ्या होत्या. टाच जमिनीला लागलीच नव्हती.

"तीन खेपा, तीन बूट, खोड एकच," मास्तर म्हणाले. "पोरीचा पाय बघितलास का?"

"मी आई आहे तिची."

"म्हणून तर विचारतोय."

तिला राग आला. तिने बूट पिशवीत कोंबले आणि टेबलाशी परत आली. खोकी बांधणारीने विचारलं, "निघाला का दोष?" ती म्हणाली, "सोड माल. चांगला आहे." त्या दुपारी तिच्या हाताखालून दोनशे जोड गेले आणि तिने एकावरही फुली मारली नाही. दोष असेलही एखाद्यात. तिला दिसत नव्हता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई वाटाणे सोलत होत्या आणि गठुडी टरफलं वाटीत टाकत होती. उजव्या हाताने. डावा कोपरात दुमडून छातीशी धरलेला, मूठ मिटलेली, अंगठा आत. खडूबाईने हा हात रोज पाहिला होता. आंघोळ घालताना ती मूठ उघडून आतला मळ धुतला होता. आज ती दारातच उभी राहून पाहत राहिली.

"आत ये की. परक्यासारखी काय उभी?" सासूबाई म्हणाल्या.

खडूबाईने पिशवीतून खडू काढला. गठुडीला मांडीवर घेतलं, दोन्ही तळव्यांना पिवळा खडू चोळला. गठुडी खिदळली, तिला गुदगुल्या झाल्या. स्वयंपाकघराची फरशी काळसर होती. खडूबाईने तिला एका टोकाला उभं केलं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

"ये."

गठुडी आली. डुलत, हसत, उजवा हात पुढे करून. सात पावलं. आईच्या गळ्यात पडली आणि खडूचा पाय तिच्या साडीला पुसला.

फरशीवर उजवी पावलं पूर्ण उमटली होती, टाचेपासून बोटांपर्यंत. डावी पावलं नव्हतीच. तिथे बोटांचे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यामागे ओढल्याची एक पिवळी रेघ.

खडूबाईने वर पाहिलं तर सासूबाई फरशीकडे पाहत नव्हत्या, वाटीतल्या वाटाण्यांकडे पाहत होत्या. तेव्हा तिला कळलं.

"आई, तुम्हाला माहीत होतं."

"चमचा मी रोज डाव्या हातात द्यायची," सासूबाई म्हणाल्या. "तू गेलीस की. उजवा हात माझ्या हातात धरून ठेवायचा आणि डाव्यात चमचा. रडायची. चमचा पडायचा. मी उचलायची, परत द्यायची."

"कधीपासून?"

"सातवा संपत आला होता."

"आठ महिने?"

"तू घरी यायचीस ती इतकी दमून. आणि आल्या आल्या हिला उचलून म्हणायचीस, काय शिकली आज माझी बाय? मी काय सांगू, काय नाही शिकली ते?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "वाटलं, हाताला सवय लावली की येईल. माझ्याच्याने होईल. नाही झालं."

खडूबाईला खूप काही बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं, कारण आठ महिने हे मूल तिच्याही हातात होतंच. सासूबाईंनी पाहून लपवलं होतं. हिने पाहिलंच नव्हतं. आणि पाहणं हे हिचं काम होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसे तिने सहाशे जोड अडवून ठेवले होते.

नवरा आला तेव्हा फरशी तशीच होती. "पाय देऊ नकोस," ती म्हणाली. त्याने उभ्या उभ्याच पाहिलं, मग हातातली हत्यारांची पेटी खाली ठेवून परत पाहिलं.

"अगं, उशीर होतो काही मुलांना. मी दीड वर्षाचा होईपर्यंत उभा राहिलो नव्हतो. विचार आईला."

सासूबाई म्हणाल्या, "ते मी खोटं सांगितलं."

"काय?"

"दहाव्या महिन्यात तू जिना चढून गच्चीवर गेला होतास. सगळी गल्ली शोधत होती. हिला धीर यावा म्हणून मी दीड वर्ष म्हणाले. मग तूच ते सगळ्यांना सांगत सुटलास."

तो पेटीवरच बसला. गठुडी त्याच्यापाशी गेली आणि उजव्या हाताने पेटीचा कडी-कोयंडा उघडायला लागली. त्याने तिची डावी मूठ हातात घेतली, एकेक बोट उघडलं. सोडल्यावर बोटं सावकाश परत मिटली. त्याने पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. "रखवालदाराला काय काय सांगून आलो मी," तो म्हणाला.

"सकाळी दवाखान्यात जाऊ," खडूबाई म्हणाली. लाल पेटीत जोड पडतो तो आवाज तिच्या कानात होता. आजवर एकदा फुली मारली की काम संपायचं.

सकाळी गठुडी उचलून घेऊ देईना. "नको," हा तिचा नवा शब्द होता आणि तो ती सगळ्यांना सारखाच वाटत होती. दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यात ती पुढे, आई मागे. टप, खर्र. टप, खर्र. बाकांवरची माणसं मान वळवून पाहत होती. खडूबाईला वाटलं, महिनाभर हा आवाज घरात होता.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी गठुडीला चालवलं, बसवलं, घोट्यात पाय वाकवून पाहिला, मग कागद ओढून विचारलं, "कधीपासून दिसतंय?"

कालपासून, असं म्हणता आलं असतं. बूट चांगले नव्हते म्हणता आलं असतं. खडूबाईने तीन डावे बूट टेबलावर ठेवले. "सातव्या महिन्यापासून," ती म्हणाली. "हात तेव्हापासून. पाय चालायला लागल्यापासून. आम्ही उशिरा आलोय."

डॉक्टरीणबाईंनी बूट उलटे करून पाहिले, तिन्ही, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "आधी आला असतात तर बरं झालं असतं. पण याहूनही उशिरा येतात लोक." डावी बाजू ताठ होती. मेंदूकडून निघालेला निरोप त्या बाजूला पुरता पोचत नव्हता. का, ते तपासण्यांनंतर कळेल. व्यायाम रोज, वर्षानुवर्षं. आणि डाव्या पायाला घोट्यापर्यंत प्लॅस्टिकचा आधार. तो पायात घालून त्यावर बूट.

"पळेल का?" नवऱ्याने विचारलं.

"चालते आहे. पळण्याचं आज सांगत नाही."

निघताना त्या म्हणाल्या, "बुटाची एक अडचण येते. आधार घातला की डावा बूट एक नंबर मोठा लागतो. उजवा आहे तोच. असा जोड कुठे मिळत नाही. लोक दोन जोड घेतात आणि एकेक टाकून देतात."

दुसऱ्या दिवशी खडूबाई आपल्या टेबलाशी बसली. तीन दिवस तिने नेहमीसारखं काम केलं, फुल्याही मारल्या. नजर परत आली होती. चौथ्या दिवशी दुपारी एक निळा जोड आला. जुळवणाऱ्याची चूक. उजवा पाच, डावा सहा. तिने दोन्ही बूट टाचेला टाच लावून धरले आणि थोडा वेळ तसेच धरून ठेवले. मग नियमाप्रमाणे डाव्यावर फुली मारली, जोड लाल पेटीत ठेवला, आणि सुट्टीत मास्तरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"लाल पेटीतला एक जोड मला हवाय," ती म्हणाली.

मास्तरांनी कारण विचारलं नाही. "नंबर?"

"पाच आणि सहा."

त्यांनी मान हलवली, नोंदवहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी सहा आणि सात लागेल. आधी सांग. मी ओळीतूनच काढून ठेवीन."

प्लॅस्टिकचा आधार यायला अजून आठवडा होता. संध्याकाळी गठुडीने बूट पाहिले आणि आत्ताच्या आत्ता घालायचा हट्ट धरला. डावा ढिला होता, टाचेला लपक लपक वाजत होता. खडूबाईने फुली ओल्या कापडाने पुसायला घेतली, तर गठुडीने पाय ओढून घेतला.

"थांब, पडशील. हात दे."

"नको," गठुडी म्हणाली, आणि सासूबाईंच्या दिशेने निघाली. टप, खर्र, टप, खर्र. मध्येच डावा पाय बुटात फिरला आणि ती खाली बसली. घरातले तिघेही जागेवरून अर्धे उठले. गठुडीने उजवा हात जमिनीला टेकला, पण सरकली नाही. उभं राहायला तिला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ते तिघे तसेच अर्धे उठलेले राहिले.