हसण्याची रेघ

बायकोच्या ओठाच्या कोपऱ्याशेजारी, गालावर, एक गाठ होती. तपासात साधीच निघाली, पण काढायचं ठरलं. गाठीची भीती गेली आणि व्रणाची आली. ती कर्णबधिर मुलांना शिकवते; मुलं तिच्या ओठांवरून शब्द वाचतात. व्रण आवळून ओठ एका बाजूला ओढला गेला, तर वर्गाला काय वाचायला मिळेल, ही तिची काळजी.

ऑपरेशनआधी डॉक्टरबाई हातात पेन घेऊन म्हणाल्या, "हसा."

"आत्ता?"

"हसताना गालाला घडी पडते ना, काप तिच्यातच घ्यायचा. आडवा गेला तर कातडी ताणून व्रण रुंद होतो. आणि खरं हसा. खोट्या हसण्यात घडी नीट दिसत नाही."

मी पुढे सरसावलो. माझ्या विनोदांना ऑफिसात मोठा मान आहे. ठेवणीतला एक सांगितला. "झालं?" बायकोने विचारलं. दुसऱ्यानंतर डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं.

दारात पिशवी घेऊन माझी धाकटी बहीण उभी होती. म्हणाली, "वहिनी, दादाचं मनावर घेऊ नकोस. ऑफिसात हसणाऱ्यांना पगार मिळतो."

बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. डॉक्टरबाईही हसल्या, पण रेघ सरळ ओढली.

नंतर त्यांनी समजावलं, "आतले टाके विरघळतात, सगळा ताण त्यांनी सोसायचा. वरचा बारीक दोरा नुसत्या कडा जुळवतो. तो करकचून आवळला की शिडीसारखे डाग राहतात." नणंद-भावजयींनी एकमेकींकडे पाहिलं. आमच्या घरात आतले टाके कोण, हे मला कोणी विचारलं नाही.

वरचे टाके वेळेवर निघाले. जखम भरली आणि ती शाळेत गेली.

"गृहपाठाच्या वह्या काढा," ती म्हणाली. कुणी हललं नाही. ती पुन्हा सावकाश म्हणाली. सगळे चेहरे कोरे. शेवटी रडवेली होऊन पुटपुटली, "बरं, खेळायला जा."

वर्ग क्षणात रिकामा झाला.

घरी हे सांगताना ती इतकी हसली की व्रण मला शोधूनही सापडेना. मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये होत्या.

"निरोप काय देऊ?" पलीकडून विचारलं.

"सांगा, मुलांना सगळं कळतंय," मी म्हणालो. "आणि डॉक्टरबाईंचे फार उपकार झाले."