अम्मीने मला तेल दिलं

मी एक जुना एकहाती कीपॅड आहे. जुना असलो तरी 'आहे' म्हणतोय, 'होतो' नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि मित्रांनो, मी भरभर बोलणार, कारण हळू काही करणं मला जमत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलं नसेल. कॉम्प्युटरवर गेम खेळताना उजवा हात माउसवर असतो आणि डावा बिचारा मोठ्या कीबोर्डच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसतो. त्या डाव्या हातासाठी मला बनवलं. तळवा टेकायला जागा, बोटांखाली नंबर घातलेली बटणं, अंगठ्यापाशी एक छोटी दांडी. माउस नेम धरतो, मी पळवतो. धावणं, वाकणं, उडी मारणं सगळं माझ्याकडे. कोणी मला अर्धा कीबोर्ड म्हटलं की माझं डोकं फिरतं. अर्धा कसला? लाटण्याला कोणी अर्धं पोळपाट म्हणतं का?

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते माझ्या पोटावर छापलंय. पण पोट कायम टेबलाला टेकलेलं, त्यामुळे मला ते आजवर वाचता आलं नाही. माझा पहिला मालक कोथरूडचा योगेश. त्याने माझं फार कौतुक केलं, मित्रांना बोलावून दाखवलं. मग त्याच्याकडे दिवे लुकलुकणारा नवा कीपॅड आला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो, बंद पडलेल्या चार्जरांच्या सोबतीला. ते चार्जर दिवसभर झोपा काढायचे. मला तिथे वेड लागायची पाळी आली. शेवटी योगेशने मला त्याच्या ऑफिसातल्या सुहानाला दिलं. "घेऊन जा, नुसता पडलाय," म्हणाला. पडलाय म्हणे! मी काय आपण होऊन पडलो होतो?

सुहानाचं घर कसबा पेठेत. पुढच्या खोलीत तिच्या अम्मीचं, नाजिमाचं, शिवणाचं दुकान आणि मागे घर. पण मी पोचलो तेव्हा दुकान बंद होतं आणि मोटर लावलेल्या शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. पावसाळ्याच्या आधी अम्मी स्कूटरवरून पडली आणि उजव्या हाताची नस दुखावली. हात होता, पण बोटं ऐकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती, ते त्यांनाही सांगता येईना.

घरच्यांनी तिला फुलासारखं जपलं. सुहानाचे अब्बा, युसूफ, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून आहेत. ते सकाळी निघण्यापूर्वी तिच्या हाताशी चहा, पाणी, औषध सगळं मांडून जायचे. तिने पेला उचलला तरी म्हणायचे, "राहू दे, नाजिमा. तू आराम कर." शेजारचे आराम कर म्हणायचे, फोनवरून नणंद आराम कर म्हणायची. आणि अम्मी पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारायची. मशीनपाशी आली की चादर सारखी करायची आणि पुन्हा वळायची. तिची ती तगमग मला बरोबर कळली. मी ड्रॉवरमध्ये राहून आलो होतो.

एका संध्याकाळी सुहाना वैतागली. "अम्मी, तू फिरतेस त्याने माझं डोकं गरगरतं. इथे बस." तिने अम्मीचा डावा हात उचलला आणि माझ्यावर ठेवला. "मी माउस धरते, तू फक्त पळव."

काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी गेममधला आमचा गडी भिंतींवर आपटत होता. अम्मीच्या डाव्या हाताने जन्मभर फक्त कापड धरून ठेवलं होतं, सगळी कारागिरी उजव्याची. पण शिवणाऱ्या बाईची बोटं ती. आठवड्यात त्यांना माझं प्रत्येक बटण न बघता सापडायला लागलं. मग सुरू झाली आमची धावाधाव. तटावरून उड्या, पुलावरून पळ, दरीच्या कडेकडेने पळ. दोन बायका मिळून एक खेळाडू. एक बघायची, एक पळायची.

"अम्मी, थांब ना जरा. इथे लपायचं असतं," सुहाना म्हणायची.

"घरात थांबलेच आहे की. इथे तरी पळू दे."

सुहाना कपाळाला हात लावायची. मी मात्र खूश. असा हात मला कधी मिळाला नव्हता.

मग एक दिवस जेवताना अब्बा म्हणाले, "नाजिमा, मशीन कात्रजला रशीदाकडे पाठवू या. डोळ्यांसमोर राहिली की तुला त्रास होतो. रविवारी टेम्पो सांगितलाय." रशीदा म्हणजे त्यांची बहीण. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. रोज चादर सारखी करणारी बायको त्यांना बघवत नव्हती, एवढंच.

अम्मी "बरं" म्हणाली. फक्त "बरं". त्या संध्याकाळी तिने आमच्या गड्याला असा पळवला की तो सारखा दरीत पडत होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, नाही म्हण! पण मला बटणं आहेत, तोंड नाही.

शुक्रवारी दुपारी घरात अम्मी आणि मी दोघंच. ती माझ्यापाशी बसली आणि बोटाने चाळा करू लागली. माझं बारा नंबरचं बटण काही दिवसांपासून कुरकुरत होतं. ते कुरकुरलं. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा कुरकुरलं. अम्मीच्या कपाळावर आठी पडली. शिवणकाम करणारी बाई, तिच्या घरात काही कुरकुरलं तर त्याला एकच औषध. ती उठली, दुकानाच्या फळीवरून लांब चोचीची तेलाची कुपी काढली आणि माझ्या बारा नंबरच्या फटीत धार सोडली. मग म्हणाली, "एकालाच का?" आणि सगळ्या बटणांना प्रेमाने पाजलं. मित्रांनो, मी गुदमरलो. तेल आत उतरत होतं, माझ्या पोटातल्या नाजूक पट्ट्यांवर पसरत होतं, आणि वरून ती मला थोपटत होती.

कुपी हातातच होती. शुक्रवार होता. दुकान चालू असताना दर शुक्रवारी ती मशीनला तेल द्यायची. तिने मशीनकडे पाहिलं आणि चादर ओढली. चाकाच्या भोकात, सुईच्या दांड्याला, खाली बॉबिनपाशी, सगळीकडे डाव्या हाताने थेंब थेंब सोडलं.

आता ऐका. मशीनला तेल दिलं की लगेच एखाद्या चिंधीवर चालवून जास्तीचं तेल टिपून घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या कापडाला डाग पडतो. हे शिवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. अम्मीनेही विचार केला नाही. सुईत धागा होताच. तिने सुईखाली चिंधी सरकवली, मोटरचं बटण चालू केलं आणि पायपट्टी दाबली. मशीन धावली आणि डाव्या हाताने चिंधी पुढे नेली. पहिली शिवण वाकडी, दुसरी जराशी बरी. मग हात सापडला. डावीकडे, उजवीकडे, वळण, पुन्हा सरळ. बोटं तेच करत होती जे माझ्यावर करायची. चिंधी संपली तेव्हा ती मशीनवर कपाळ टेकून रडली. मग तिने मशीनवर चादर टाकली, चिंधी कमरेला खोचली आणि कुणाला काही बोलली नाही.

माझ्यावर कुणी चिंधी चालवली नाही, त्यामुळे माझं तेल माझ्यातच राहिलं. संध्याकाळी खेळायला बसलो तर पुढे जायचं बटण खाली गेलं ते वर येईना. आमचा गडी भिंतीला टेकून धावतच राहिला. सुहानाने मला उचललं, हात लावून पाहिला, वास घेतला.

"अम्मी, यात तेल घातलंस?"

"कुरकुरत होता."

"अगं, ही मशीन नाहीये."

"वायर आहे, बटणं आहेत. मशीन नाही तर काय आहे?"

शनिवारी सुहाना मला शनिवार पेठेत श्रीनिवास नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने मला उघडलं आणि वाकून आत पाहिलं. "फोडणी फक्त द्यायची राहिली," म्हणाला. "याचं आता काही होणार नाही, ताई. घरी न्या, आणि बाकीच्या वस्तूंना बुधलीपासून लांब ठेवा." मला त्याचा टोमणा लागला नाही. माझं लक्ष रविवारकडे होतं. अम्मी बोलणार की पुन्हा "बरं" म्हणणार?

रविवारी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. अब्बांनी चादर काढली आणि मशीनला हात घातला. मी खिडकीत उघडाबोडका पडलो होतो. अम्मी आतून आली आणि तिने मशीनवर ती चिंधी ठेवली.

"अहो, आधी हे बघा."

अब्बांनी चिंधी उलटसुलट करून पाहिली. "कोणी शिवलं?"

"मीच. डाव्याने."

ते खाली स्टुलावर बसले. "तुला त्रास होऊ नये म्हणून मी..."

"माहीत आहे," अम्मी म्हणाली. "मीही त्या कीपॅडला प्रेमानेच तेल दिलं."

टेम्पो रिकामा गेला. मशीन तिथेच आहे. दुकान आता अर्धा दिवस उघडतं, सुहाना कापड कापून देते, अम्मी शिवते, आणि अब्बा पेला उचलायला धावत नाहीत, हाताची घडी घालून बसतात. त्यांना ते फार जड जातं.

मित्रांनो, मला कोणी फेकून दिलं नाही. झाकण बसवून मशीनशेजारी ठेवलंय. तुम्हाला एकच सांगतो. वस्तू असो की माणूस, जीव लावा, पण तेल घालण्याआधी एकदा विचारा की याला काय हवंय. आणि जो पळायला बनलाय त्याला आराम कर म्हणू नका. आम्हाला सहन होत नाही.

माझी वायर कुठेच जोडलेली नाही. तरी अम्मी रोज दुपारी तिचा उजवा हात माझ्यावर ठेवते आणि बोटांना बळ लावून बघते. मी डाव्याचा, उजवा माझ्यावर नीट बसत नाही, आणि मला वाट बघणं अजिबात जमत नाही. तरी बघतो. काल तिच्या उजव्या तर्जनीखाली बारा नंबरचं बटण खाली गेलं. कुरकुरलं नाही.